अकरा दगडांची रेष

रविवारी सकाळी नऊला मळवली फाटकापासून भाज्याच्या वाटेवर गाड्यांची जी रांग लागली, ती बघून परक्या माणसाला वाटलं असतं की वर कुठेतरी फुकटची पंगत बसली आहे. पंगत कसली अन् काय! लोक दगड बघायला आले होते. नुसते बघायलाही नव्हे, त्या दगडांशेजारी आडवे पडायला. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत, टोचणाऱ्या धसकटांवर चटया अंथरून पुण्या-मुंबईची चांगली शिकलीसवरलेली माणसं डोळे मिटून पडली होती. कुणाच्या अंगात ऊब शिरत होती, कुणाच्या पायाला मुंग्या येत होत्या. आता जानेवारीच्या कोवळ्या उन्हात पडलं की ऊब लागते, हे मावळातल्या म्हशींनाही ठाऊक आहे. धसकटांत मुंग्याही असतात. पण म्हशींना कोण विचारतो?

दगड अकरा होते. गुडघ्याएवढे, शेंदराची पुटं चढून गोलमटोल झालेले, रेल्वेच्या रुळांकडून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एका ओळीत रोवलेले. ओळही अशी सरळ की पहिल्या दगडामागे उकिडवं बसून एक डोळा मिटला, तर उरलेले दहा एकामागे एक लपून जावेत. हा सरळपणाच सगळ्या चमत्काराचं मूळ होता. देवळं, लेणी, डोंगर सगळीकडेच आहेत, पण इतकं सरळ काम माणसाच्या हातून होणं शक्य नाही, असं श्रीयशजींचं म्हणणं होतं.

हे श्रीयशजी म्हणजे रेषाचार्य. दहा वर्षांपूर्वी ते लोणावळ्यातल्या बंगल्यांना पडदे पुरवायचे. पडद्यांची मापं घेता घेता बंगलेवाल्यांना वास्तुदोष दाखवू लागले, आणि दोषांना पडद्यांपेक्षा गिऱ्हाईक जास्त आहे हे लक्षात आल्यावर पडदे सोडले. आता पांढरा झब्बा, गळ्यात तांब्याची साखळी आणि गालाला चिकटलेला माइक. त्यांच्यामागे खोलीएवढा फ्लेक्स लावला होता. त्यावर मावळचा नकाशा आणि नकाशावर हाताच्या अंगठ्याएवढी जाड तांबडी रेघ.

"कार्ले, भाजे, बेडसे," श्रीयशजी एकेका नावावर थांबत म्हणत होते, "तीन प्राचीन लेणी, एक रेषा. योगायोग? नो. केदारनाथ ते रामेश्वर महारेषा आहे, तिची ही धाकटी बहीण. अकराच दगड का? एकादश रुद्र! परदेशी शास्त्रज्ञ इथे मशीन घेऊन आले होते. काय झालं? मशीन बंद पडलं."

मशीन कुठलं, शास्त्रज्ञ कुठले, चार्जिंग तरी होतं का, असलं काही कुणी विचारत नव्हतं. मग श्रीयशजी तांब्याच्या दोन काटकोनी सळ्या हातात धरून संथ पावलं टाकत ओळीजवळ येत. दगडांच्या रेषेवर पाय पडताच सळ्या फिरून एकमेकींना भिडत, आणि लोक हात जोडत. शेजारच्या मांडवात ऊर्जाभारित चिक्की मिळत होती. ती चिक्की लोणावळ्याच्याच दुकानातून येई आणि रात्रभर सातव्या दगडापाशी ठेवलेली असे. उंदरांनी मात्र ती ऊर्जा आधीच चाखलेली असायची.

ज्यांच्या जमिनीत सहा दगड होते ते कोंडाजीशेठ पहिल्या रांगेत बसले होते. दगडांच्या दोन्ही बाजूंचे त्यांचे प्लॉट आता 'रेषेवरचे प्लॉट' म्हणून विकायला निघाले होते.

ह्या गर्दीपासून लांब, बांधावर नथूआबा बसला होता. पासष्टीचा माणूस, अंगाने काटक, डोक्याला टोपी. दगड पाच हजार वर्षांचे आहेत असं श्रीयशजी माइकवर म्हणाले, की तो टोपी डोळ्यांवर ओढायचा. दगडांचं खरं वय त्या सबंध माळावर त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते अडतीस वर्षांचे होते, आणि त्यातले चार त्याने स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणले होते.

नथू मोजणीच्या कामावर चेनमन होता. साहेब दुर्बिणीतून बघणार, आणि हा लांब उन्हात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून उभा राहणार. "डावीकडं, अजून डावीकडं, बास," अशा हाका ऐकत त्याची नोकरी गेली. १९८६ साली कुठल्याशा कारखान्याला पाणी न्यायची लाइन ह्या वाडीतून आखली. कारखाना पुढे आलाच नाही, पण आखणीचे दगड तेवढे रोवले गेले. बारा आणले होते. एक ट्रकमधून पडून फुटला, म्हणून अकरा राहिले.

खरी पंचाईत रोवल्यानंतर झाली. सोमवारी रोवलेला दगड गुरुवारी कुणाच्या तरी न्हाणीत कपडे धुवायला पोचायचा. साहेब तांबडालाल होऊन नथूवर ओरडायचा, आणि नथू ऐन चैत्रात पुन्हा दगड हुडकत फिरायचा. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा त्याने डोकं चालवलं. तळेगावच्या बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला, अकराही दगडांना फासला, प्रत्येकापुढे एकेक नारळ फोडला, आणि खोबरं पथकातल्या पोरांना वाटून टाकलं. साहेब पोट धरून हसला होता. पण त्या दिवसापासून दगड तसूभर हलला नाही. कपडे धुणाऱ्या बायकाच येता-जाता पदर डोक्यावर घेऊ लागल्या.

पुढची गंमत दगडांनी केली नाही, गावाने केली. वर्षभरात लोक म्हणायला लागले की साहेबाच्या स्वप्नात म्हसोबा आला, म्हणून त्याने दगड बसवले. दहा वर्षांनी साहेब कथेतून गळला आणि दगड आपणहून जमिनीतून वर आले. मग श्रीयशजी आले आणि अडतीस वर्षांवर दोन शून्यं चढवून वर आणखी बाराशे वर्षं दक्षिणा म्हणून घालून मोकळे झाले.

इतकी वर्षं नथू गप्प का बसला, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर घरात होतं. त्याच्या बायकोने, बयाबाईने, लग्नाला तीन वर्षं होऊनही कूस उजवेना म्हणून सातव्या दगडाला नवस बोलला होता. त्याच साली तळेगावच्या दवाखान्यातही तिचे उपचार चालू होते. निलेश झाला. उपचार डॉक्टरांनी केले, नारळ मात्र दगडाला मिळाला. सव्वा महिन्याच्या निलेशला दगडापुढे निजवून बयाबाई अशा चेहऱ्याने बसली होती की नथूच्या तोंडून शब्द फुटेना. उद्या सांगू, परवा सांगू करता करता छत्तीस वर्षं गेली. लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बायकोचं ते समाधान मोडायची हिंमतही नव्हती.

पण आता गोष्ट नारळावर थांबलेली नव्हती. निलेशची मुलगी अपेक्षा, अकरा वर्षांची. तिला आठव्या वर्षापासून फिट येत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. गेल्या दीड वर्षात तिला एकदाही फिट आली नव्हती. पोरगी शाळेत धावण्यात पहिली येऊ लागली होती.

ती बरी आहे हेच नेमकं घराला भोवलं. एवढी बरी आहे तर मुळापासूनच बरी करू, असं निलेशच्या मनाने घेतलं, आणि तो तिला श्रीयशजींकडे घेऊन गेला. श्रीयशजींनी सळ्या फिरवल्या आणि उपाय सांगितला. अकरा दिवस, रोज एका दगडापाशी तासभर निजवायचं. तेवढे दिवस गोळी बंद, कारण गोळी म्हणजे केमिकल आणि केमिकल रेषेला कापतं.

सुनेने, प्रेरणाने, डॉक्टरांना एकदा फोन करू या का, असं हळूच विचारलं. बयाबाईने तिला एका नजरेत गप्प केलं. नथूने विरोध केला, तर निलेश म्हणाला, "आबा, मी सोता त्या दगडाचा परसाद हाये. माझ्या पोरीला त्यो कसा नडंल?"

तरी त्या रात्री जेवताना त्याने तोंड उघडलं. "बये, त्या दगडांचं एक सांगायचं व्हतं."

"दगड म्हनू नका," बयाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "देव हाये त्यो."

नथूने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घातली.

चार दिवस असे गेले. गुरुवारी मात्र त्याला राहवेना. तो शाळेत गेला. अपेक्षाच्या वर्गाच्या अनघाबाई तळेगावहून रोज गाडीने येत आणि विज्ञान शिकवत. गोळ्या बंद केल्याचं ऐकताच बाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्या म्हणाल्या की फिटची गोळी अशी एकदम बंद केली तर मोठी फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. मग नथूने मागचं पुढचं सगळं सांगून टाकलं, शेंदरापासून खोबऱ्यापर्यंत. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडून कार्ले, भाजे आणि बेडसे ह्यांवर खुणा केल्या. कार्ल्याहून भाज्याला यायचं तर दक्षिणेला यावं लागतं, आणि भाज्याहून बेडशाला जायचं तर पूर्वेला वळावं लागतं. तिघांची मिळून रेषा होत नव्हती, चक्क काटकोन होत होता. नथू उभा जन्म काठी धरून सरळ रेषा आखण्यात घालवलेला माणूस. त्याने नकाशा बघितला आणि म्हणाला, "बाई, आमच्या साहेबानं ह्याला रेष म्हटलं असतं तर साहेबाला घरी बसवला असता."

केदारनाथ-रामेश्वरच्या रेषेचंही बाईंनी मोजून दाखवलं. त्या रेषेवरची म्हणून सांगतात ती देवळं एकमेकांपासून आडवी ऐंशी-नव्वद किलोमीटर पसरलेली आहेत. एवढी रुंद रेघ मारायची ठरवली तर पुण्यापासून कर्जतपर्यंत सगळेच रेषेवर येतात, मोबाइलचे टॉवर आणि वडापावच्या गाड्यांसकट. ज्या देशात कोसाकोसावर देऊळ आहे, तिथे नकाशावर कुठेही पट्टी ठेवा, चार-पाच देव सापडतातच. जे सापडतात ते मोजायचे आणि जे चुकतात त्यांचं नाव काढायचं नाही, एवढंच ह्या विद्येचं गमक.

ही कल्पनाही काही आपल्या ऋषींची नाही, असं बाई म्हणाल्या. शंभरएक वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका व्यापाऱ्याला जुने उंचवटे, दगड आणि चर्च एका ओळीत दिसले. ह्या जुन्या काळच्या पायवाटा असाव्यात, एवढंच तो बिचारा म्हणाला. ऊर्जा वगैरे त्याच्या गावीही नव्हती. ती चाळीस-पन्नास वर्षांनी दुसऱ्यांनी त्यात घातली. मग ते सगळं पुस्तकांतून आणि पुढे मोबाइलमधून हिंडत हिंडत आपल्याकडे आलं, आणि येताना भगवं होऊन पाच हजार वर्षांचं झालं. नथूला मनात आपले दगड आठवले. त्याला साता समुद्रापलीकडच्या त्या व्यापाऱ्याची कीव आली.

सळ्यांचं तर बाईंनी व्हरांड्यातच दाखवलं. जाड तारेच्या दोन काटकोनी सळ्या वाकवून नथूच्या हातात दिल्या आणि फरशीवर खडूने रेघ ओढली. रेघेवर येताच सळ्या भिडल्या, आणि नथूच दचकला. बाईंनी मग त्याचे डोळे उपरण्याने बांधले. सळ्या कुठेही फिरू लागल्या, एकदा पाण्याच्या टाकीपाशी, एकदा हेडमास्तरांच्या चपलांपाशी. मनगट केसभर कललं की सळी फिरते, आणि कुठे फिरायला हवी हे मनाला ठाऊक असलं की मनगट आपल्या नकळत कलतं. बाई म्हणाल्या की ह्यात फसवणारा फसवतो आणि प्रामाणिक माणूसही फसतो.

संध्याकाळी त्या निलेशच्या घरी गेल्या. निलेशने चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि अकरा दिवस होऊ द्या मग बघू, असं म्हणून त्यांना वाटेला लावलं. जाताना बाई नथूला म्हणाल्या, "आबा, नकाशा मी दाखवीन. पण तो दगड कुणाचा, हे तुम्हालाच सांगावं लागेल. आज सांगा."

"माझं नाव नका घेऊ, बाई," नथू म्हणाला. आणि त्याचीच त्याला शरम वाटली.

तो रविवार म्हणजे सातवा दिवस. अपेक्षाला सातव्या दगडापाशी, बयाबाईच्या नवसाच्या दगडापाशी, सगळ्या गर्दीसमोर निजवलेलं होतं. श्रीयशजी माइकवर सांगत होते की ही कन्या सात दिवस औषधाविना ठणठणीत आहे, बघा रेषेची करामत. अनघाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, ह्या मुलीच्या गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू करा. दुसरी, महाराजांनी डोळे बांधून सळ्या धराव्यात आणि रेष शोधून दाखवावी.

श्रीयशजी गोड हसले. अश्रद्धेची स्पंदनं जवळ आली की रेषा मिटून घेते, असं त्यांनी सांगितलं. नकाशातल्या काटकोनाबद्दल विचारलं, तर ऊर्जा नदीसारखी वळते म्हणाले. सकाळपासून जिच्या सरळपणाचे गोडवे चालले होते ती रेषा अशी बघता बघता वळली, आणि लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी ओरडलं की बाईंना बाहेर काढा.

तेवढ्यात अपेक्षाचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

"ऊर्जा उतरली," श्रीयशजी माइकवर म्हणाले. "कुणी हात लावू नका. हात जोडा."

आणि लोकांनी खरोखरच हात जोडले. दोन-तीनशे माणसं, त्यांत इंजिनिअर होते, बँकेतले साहेब होते, आणि समोर एक लेकरू धसकटांत तडफडत होतं. काहींनी मोबाइल काढले. प्रेरणा किंचाळत धावली. अनघाबाई तिच्याआधी पोचल्या. त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली, कुणी फोडलेला कांदा आणि कुणी काढलेली चप्पल बाजूला सारली, आणि तोंडात काही घालू नका म्हणून बजावलं. मग घड्याळाकडे बघत बसल्या.

बांधावरून नथू उठला. तो गर्दी चिरत कसा आला ते त्यालाही पुढे आठवलं नाही.

"हात खाली घ्या," तो ओरडला. "ही ऊर्जा न्हाई, फिट हाये. आन ह्यो देव न्हाई, दगड हाये. म्या रवलाय त्यो. म्याच शेंदूर लावलाय."

दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. पोरगी घामाघूम होऊन गाढ झोपेत गेली. श्वास नीट चालतोय असं बाईंनी सांगितलं, पण दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. निलेश जीप आणायला धावला, तर जीप बाहेर निघेना. सकाळी त्यानेच स्वतःच्या खाचरात दाटीवाटीने लावून दिलेल्या गाड्यांनी वाट बंद केली होती. लोकांच्या हातापाया पडत तो एकेक गाडी हलवत सुटला. ही चूक कुणाच्या पदरात घालायची, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही.

तेवढ्या वेळात माळावर नथूने छत्तीस वर्षांचं तोंड उघडलं. कारखान्याचं पाणी, चोरीला जाणारे दगड, बाजारातला शेंदूर, सगळं सांगितलं. दगड सरळ का आहेत, तर साहेबाकडे दुर्बीण होती म्हणून. अकरा का, तर बारावा फुटला म्हणून.

श्रीयशजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "आबा, तुम्ही निमित्त. रेषेनेच तुमच्याकडून योग्य जागी दगड ठेवून घेतले." गर्दीतून 'व्वा' असा आवाज आला.

"योग्य जागी?" नथू कोंडाजीशेठकडे वळला. "कोंडाजी, लाइन पयली तुमच्या चांगल्या खाचरातनं जात व्हती. तुझ्या बापानं साहेबाला कोंबडं कापून जेवू घातलं, आन साहेबानं अकराच्या अकरा दगड चाळीस फूट अलीकडं घेतलं. तू धा वर्साचा व्हतास, तंगडी तुला मिळालती. आता महाराजास्नी सांग, पाच हजार वर्साची रेष कोंबडीच्या रश्श्यात कशी सरकली."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. कोंडाजीशेठ खाली मान घालून पायाने माती उकरू लागले, आणि ते नाही म्हणाले नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं.

अनघाबाई म्हणाल्या की वाद घालायचं कारण नाही. शेंदराखाली काय आहे, ते दोघांनी आधी सांगावं, मग शेंदूर काढून बघू. नथूने लगेच सांगितलं. वर बाणाची खूण, तिच्याखाली सात, त्याखाली शहाऐंशी, आणि दगडाच्या बुडाशी कोळसा. कोळसा कुजत नाही, म्हणून दगड कुणी उपटला तरी जागा सापडावी यासाठी मोजणीवाले तो पुरून ठेवत. श्रीयशजींना विचारलं, तर ते म्हणाले की दिव्य गोष्टीची परीक्षा घेणं हे पाप आहे.

पण दगडाला हात कोण लावणार? मघाशी हसणारे चारजणही मागे सरले. नथूने कंबरेचा कोयता काढला आणि तो दगडापुढे उकिडवा बसला.

बयाबाई इतका वेळ नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिने डोकं अलगद प्रेरणाच्या मांडीवर ठेवलं, उठली, आणि नथूच्या हातातून कोयता काढून घेतला.

"तुमी नका," ती म्हणाली. "नवस माझा व्हता."

कोयत्याच्या पाठीने तिने घाव घातले. शेंदराची खोळ तडकली आणि खापरीसारखी निघून पडली. आतला काळा पत्थर कित्येक वर्षांनी उजेडात आला. त्यावर तीन रेघांचा बाण होता. "त्रिशूळ!" श्रीयशजी घाईघाईने म्हणाले. बयाबाईने पदराने दगड पुसला. बाणाखाली सात होता आणि त्याखाली ८६, टाकीने कोरलेला, नथूने सांगितला तसा. मग तिने दगडाच्या बुडाशी कोयता खुपसून माती उकरली. वीतभर खाली कोळसा लागला. तिने मूठभर काढून श्रीयशजींच्या पुढे धरला. त्यांचा झब्बा पांढरा होता, ते दोन पावलं मागे सरले.

रेषाचार्यांची गाडी सगळ्यांत मागे लावलेली होती, ती सगळ्यांत आधी निघाली. मांडवातली चिक्की तशीच राहिली. आडवी झालेली मंडळी कपड्यांना चिकटलेली धसकटं झाडत उठली आणि एकमेकांच्या नजरा चुकवत चटया गुंडाळू लागली. एका पुणेकराने मात्र उरलेल्या दहा दगडांत तरी ऊर्जा असेल का, असं अनघाबाईंना विचारलंच. सगळेच रोग एका दिवसात बरे होत नसतात.

गाड्या हटल्या तशी निलेशची जीप पोरीला घेऊन तळेगावला पोचली. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत अपेक्षा शुद्धीवर आली, आणि तिने भूक लागली म्हणून सांगितलं. डॉक्टर तरुण होते, रागावलेले होते. फिट आणखी लांबली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी निलेशला स्पष्ट शब्दांत सांगितलं. दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली, आता पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायचे. मग त्यांनी विचारलं की गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?

निलेश भिंतीकडे बघत पुटपुटला, "दगडाला कौल लावला व्हता, साहेब."

"दगडाला तोंड असतं व्हय रं?" नथू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. "त्यो काय बी बोलला न्हाई. म्या त्याला शेंदूर लावला, गावानं त्याची गोष्ट केली, त्या पडदेवाल्यानं ती इकली. समदं मानसंच बोलली आन मानसांनीच ऐकलं. मधी एकानं तरी इचारायला पायजे व्हतं, की ह्ये कुनी केलं, कवा केलं, कशावरनं. ज्याला ठावं व्हतं त्यो मीच गप बसलो. पोरगी गेली असती तर दगडानं न्हाई, म्या मारली असती."

देवाला मानावं की न मानावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण लेकराच्या तोंडातली गोळी काढून घेताना तरी माणसाने विचारावं. विचारल्याने खरा देव रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्या खोळीखाली कुणाचा तरी नंबर कोरलेला असतो.

बयाबाई दाराशी उभी होती. हातांना अजून शेंदूर आणि कोळसा लागलेला होता. नवऱ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही, पुढे पंधरा दिवस बोलली नाही. पण ती पुढे आली, डॉक्टरांच्या टेबलावरची गोळ्यांची पट्टी तिने उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"डाक्टर," ती म्हणाली, "ही जेवायच्या आदी द्यायची का मागनं? आन एकांद्या वक्ती चुकली तर काय करायचं? मला नीट समजावून सांगा. मी ध्यान दिऊन ऐकते."